मशीन अंगठा घेत नाही, पैसे मात्र कापते

माननीय संपादक,
स. न.

कालच्या अंकातला डिजिटल बँकिंगवरचा लेख वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितो आहे. आधारमुळे आता गावातल्या गावात अंगठ्यावर पैसे मिळतात, असं लेखात म्हटलंय. मिळतात, मी नाही म्हणत नाही. पण मशीननं अंगठा घेतला तर! जिचा जन्म भातलावणीच्या चिखलात आणि राखेनं भांडी घासण्यात गेला, तिच्या अंगठ्यावर रेषा उरतात कुठे?

माझी मावशी विधवा आहे, एकटी राहते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये हाच तिचा आधार. या पावसाळ्यात ती बँकमित्राकडे, म्हणजे गावात मशीन घेऊन बसणाऱ्या बँकेच्या एजंटाकडे, गेली. चार वेळा अंगठा लावला. शेवटी तो म्हणाला, "फेल झालं मावशे, सर्व्हर नाही, उद्या ये." दुसऱ्या दिवशी गेली तर खात्यात २४ रुपये! पैसे कापले गेले होते आणि हातात दमडी आली नव्हती. बँकमित्र म्हणतो शाखेत जा. शाखेतले म्हणतात, ज्यानं मशीन चालवलं त्याला विचारा. शाखा ११ किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा. तिच्याबरोबर मी स्वतः तीन खेपा घातल्या.

पासबुक भरून मागितलं तर छपाईचं मशीन बंद! ते आजही बंदच आहे. मोबाइलवर मेसेज येतो म्हणतात, तो इंग्रजीत. मग मराठीसुद्धा अक्षर लावून वाचणाऱ्या बाईनं पैसे कापल्याचा पुरावा आणायचा कुठून?

पैसे २३ दिवसांनी खात्यात परत आले. तोवर वाण्याकडे उधारी. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे: आधारवरचा व्यवहार फसून पैसे कापले गेले, तर ते पाच दिवसांत परत करायचे, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. आणि ती ग्राहकानं तक्रार करण्याची वाट न पाहता, आपणहून. म्हणजे मावशीचे १८ दिवसांचे १८०० रुपये होतात, तिच्या महिन्याच्या पैशांपेक्षा जास्त. एक रुपया आलेला नाही. शाखाधिकाऱ्यांना परिपत्रकाची प्रत दाखवली तर म्हणाले, "हे वरून व्हायला पाहिजे."

आपल्या लेखात या नियमाचा एका ओळीनं उल्लेख असता तरी किती म्हाताऱ्यांचं भलं झालं असतं! प्रत्येक बँकमित्राच्या दारात हा नियम मराठीत, ठळक अक्षरांत लावलाच पाहिजे.

मी शाखेत लेखी तक्रार दिली आहे, पोच भांडून घेतली आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. मावशी म्हणते, "राहू दे रे, मिळाले ना माझे पैसे." मी राहू देणार नाही.

आपला,
एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा