कान तुटका कप

प्रिय दिल्या,

वर्षभर पत्र नाही, रागावला असशील. बीपी आटोक्यात आहे, आईचा गुडघा तसाच. पुढचं ऐक.

परवा एनबीसी या अमेरिकन वाहिनीचा डिसेंबर १९६० मधला माहितीपट पाहिला, तिथल्या नॅशव्हिल शहरातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या ठिय्यावरचा. दुकानात त्यांनी वह्या, साबण खुशाल विकत घ्यावा, पण तिथल्या काउंटरवर बसून कॉफी मागायची नाही. पोरं इस्त्रीचे कपडे घालून स्टुलांवर बसायची, पुढ्यात अभ्यासाचं पुस्तक. कोणी मागून खेचून खाली पाडलं तरी हात उचलायचा नाही. पोलिसांनी एकाला नेलं की त्याच्या जागी दुसरा. आधी रीतसर तालीम व्हायची. खुर्च्या मांडायच्या आणि आपल्याच मित्रांनी शिव्या घालायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा.

ही तालीम घेणारा जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ आपल्या हिस्लॉप कॉलेजात होता बे! खेळ शिकवायचा, सत्याग्रहाचा अभ्यास करायचा. अमेरिकेतल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी घातलेल्या बसबहिष्काराची बातमी त्यानं नागपूरच्याच पेपरात वाचली. आपल्याला तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही. आपलं तिथलं भांडण आठवतं? मार खात बसणं भेकडपणा, असं तू म्हणालास. मी गांधी काढले, तू बाबासाहेब, तोवर पक्यानं दोघांचे समोसे संपवले.

पण झोप उडाली ती आमच्या मोरीवरच्या कोनाड्यातल्या कपामुळे. तोच, कान तुटका. सगळ्यांना कपबशी आणि तुला तो. प्यायलास की स्वतः विसळून पालथा घालायचास. आजी बघायची. मीही बघायचो. मला माहीत होतं, दिल्या. सत्याग्रहावर तुझ्याशी तासभर भांडून घरी यायचो आणि त्या कपाबद्दल अवाक्षर काढायचो नाही. तिकडे नॅशव्हिलमध्ये १९ एप्रिल १९६० ला पहाटे त्या पोरांच्या वकिलाच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारोंचा मोर्चा निघाला आणि एकवीस वर्षांच्या डायन नॅश या विद्यार्थिनीनं महापौरांना सगळ्यांसमोर विचारलं, हा भेदभाव चूक आहे ना? ते हो म्हणाले. १० मे ला काउंटर खुले झाले. मला तर फक्त स्वयंपाकघरात जाऊन आजीला विचारायचं होतं.

लेकीच्या नोकरीबद्दल अभिनंदन, उशिरा का होईना. बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

काल माळ्यावरून तो कप काढला. टेबलावर ठेवलाय. तू सांगशील तेच त्याचं करीन. दिवाळीआधी मीच तुझ्याकडे येतो.

तुझा,
सुध्या