मुलांच्या वाट्याचा शिक्षक त्यांना कायद्याने मिळवून द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी असे चार वर्ग, दोन खोल्या, आम्ही दोघे. ज्या दिवशी दोघेही शाळेत असतो, तो दिवस चांगला जातो.

परवा दुसरीला हातच्याची वजाबाकी घेत होते. दशकाची एक जुडी सोडायची आणि तिच्या दहा काड्या एककात टाकायच्या, हे एका मुलीला चार दिवस उमजत नव्हते. त्या दिवशी तिने जुडीचे रबर काढले, काड्या पसरल्या, मोजायला घेतल्या आणि माझा फोन वाजला. ग्रुपवर निरोप होता, 'सोबतच्या लिंकवर माहिती आजच बारा वाजेपर्यंत भरावी, अत्यंत तातडीचे.' माझे सहकारी मतदार यादीच्या कामावर गेले होते, म्हणजे चारही वर्ग माझ्याकडे. खोलीत रेंज नसते म्हणून फोन घेऊन हातपंपापाशी गेले. मागितलेली सगळी माहिती यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, आम्ही आधीच भरलेली होती. ती पुन्हा भरून परत आले, तर काड्यांची जुडी बांधून जागेवर ठेवलेली. "बाई, तुम्ही नव्हता ना, म्हणून मी आवरून ठेवलं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचे सगळे पुन्हा पहिल्यापासून.

हे पत्र त्या अर्ध्या तासाबद्दल आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर कोणतेही अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. निवडणुकीचे कामही सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले. आपल्या विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये शैक्षणिक कोणते आणि अशैक्षणिक कोणते, अशी कामांची वर्गवारी करणारा शासन निर्णयही काढला. तो वाचून आम्हाला खरोखर आनंद झाला होता. तरीही परवाचा निरोप आलाच. मला त्याचे कारण सरळ दिसते. काम नाकारणाऱ्या शिक्षकाला नोटीस येते, पण बेकायदा काम लावणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

याच राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखला ठरलेल्या मुदतीत विनाकारण दिला नाही, तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. उत्पन्नाच्या दाखल्यामागे कायद्याचा असा धाक उभा करता येतो, तर दुसरीतल्या मुलीच्या तासामागे का येऊ नये? शाळेच्या वेळेत शिक्षकाला बाहेरचे काम लावायचे असेल, तर लेखी आदेश हवा, त्यावर अधिकाऱ्याचे नाव आणि कायद्याचा आधार हवा आणि त्या दिवशी वर्ग कोण घेणार हेही त्यातच लिहिलेले हवे. आधार नसेल तर जबाबदारी आदेश देणाऱ्याची. विधिमंडळाने इतके जरी मंजूर केले, तरी निम्मे निरोप सुटायच्या आधीच थांबतील.

हे शासन निर्णयाने भागणार नाही, कारण तो एका रात्रीत बदलतो. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला, की तिथली शिक्षकाची पदेच जाण्याची वेळ आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमायचे ठरले, पुढे तेही मागे घेतले गेले. पालक विचारतात, "बाई, पुढच्या वर्षी शाळा राहणार ना?" मला खात्रीने उत्तर देता येत नाही. मग ते लेकराला दूरच्या खाजगी शाळेच्या गाडीत बसवतात, आमचा पट आणखी घटतो आणि कमी पटाचे कारण आपोआप तयार होते. वाडीवस्तीवरची शाळा एकदा बंद झाली, की सर्वांत आधी मुलींचे शिक्षण सुटते.

रिक्त पदांबद्दल थोडक्यात लिहिते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदे रिक्त ठेवू देत नाही. शिक्षक रुजू होतो त्याच दिवशी त्याच्या निवृत्तीची तारीख सेवापुस्तकावरून कळते. मग ती जागा भरायला वर्षे का जावीत? रुजू झालेल्याला तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून राबावे लागते, प्राथमिकला महिना १६,००० रुपयांवर. २०२३ च्या वाढीआधी ते मानधन ६,००० होते, त्यामुळे वाढीबद्दल मी कृतज्ञ आहे. पण घरापासून दूर खोली घेऊन राहणाऱ्या तरुण मुलीचे त्यात कसे भागते, ते मी जवळून पाहिले आहे.

नव्या कायद्यात आणखी एक गोष्ट हवीच, ती म्हणजे प्रत्येक केंद्रावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटामागे, राखीव शिक्षक. साठपर्यंत पट असेल तर शिक्षण हक्क कायदा दोन शिक्षक देतो. त्यातला एक आजारी पडला, बाळंतपणाच्या रजेवर गेला किंवा प्रशिक्षणाला गेला, की मुलांच्या वाट्याला अर्धी शाळा उरते. राखीव शिक्षकाबरोबर माहिती भरणारा एक लिपिकही केंद्राला द्या. पोषण आहाराबद्दल माझी तक्रार नाही, मूल उपाशीपोटी शिकत नाही. पण मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ मोजून घेणे, चव नोंदवही लिहिणे, शिल्लक जुळवणे, रोजची संख्या ॲपवर टाकणे यात माझी सकाळ जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यात पाठाची तयारीही मोजली आहे. पाठाची तयारी मी रात्री घरी, स्वयंपाक आटोपल्यावर करते.

प्राथमिक शिक्षणावर जास्त खर्च करा, शिक्षक प्रशिक्षित नेमा आणि त्याला पुरेसे वेतन द्या, असे महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला लिहून दिले होते. हे आपणास ठाऊकच आहे. त्या निवेदनातले मागणे आजही तसेच उभे आहे, याचे मला वाईट वाटते.

येत्या अधिवेशनात असे विधेयक मांडावे, ही कळकळीची विनंती. मसुदा होण्यापूर्वी आपण एखाद्या द्विशिक्षकी शाळेत या. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत मागच्या बाकावर बसा, आधी न कळवता. हारतुऱ्यांची गरज नाही, आमच्या तयारीत मुलांचा आणखी एक दिवस जाऊ नये.

त्या मुलीला आता हातच्याची वजाबाकी येते. वर्गातल्या सहा जणांना अजून यायची आहे.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षिका