साडेआठला फोन करते, रोज एक कथा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थोडे दिवस वाचायचं नाही, हे आईकडून कळलं. पुस्तकाशिवाय तुमची संध्याकाळ कशी सरत असेल, ते मला इथे बसूनही दिसतं. म्हणून मीच वाचून दाखवणार आहे. जेवणं उरकली की साडेआठला फोन स्पीकरवर ठेवा. रोज एकच कथा. दुसरीचा हट्ट करायचा नाही. 'आजची आधी मुरू दे,' असं तुम्हीच आम्हाला म्हणायचात.

पहिली 'धर्मा रामोशी', व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधली. ते पुस्तक आलं 1949 साली. माडगूळकर तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे होते, हे आजही मला खरं वाटत नाही. एवढ्या कोवळ्या वयात कुठे थांबायचं ते कळणं! एका जुन्या धोतराची तर गोष्ट. पण ते शेवटी कुणाच्या अंगावर दिसतं, तिथे पोचलात की तुमचा आवाज बसायचा. त्या जागी ना कळवळ्याचे उद्गार आहेत, ना उपदेश. काल सराव म्हणून मोठ्याने वाचली, तर माझाही घसा तिथेच दाटून आला.

आई, शंकर पाटलांची 'धिंड' मात्र तू वाचायचीस, आम्ही ऐकू. ते पट्टणकोडोलीचे, तुझं माहेरही तिकडचंच. ती बोली तुझ्या तोंडी जशी येते तशी मला कधीच जमली नाही. पुस्तक कपाटाच्या खालच्या खणात आहे, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मिरासदारांची विनोदी 'व्यंकूची शिकवणी' बाबांचा डोळा फार चुरचुरेल त्या दिवसासाठी राखून ठेवलीय.

शेवटी जी. ए. कुलकर्णी. आई, त्यांच्या कथांत फार अंधार असतो म्हणतेस, ते खोटं नाही. तरी 'कैरी' ऐक. पोरकं मूल तानीमावशीकडे राहायला येतं. स्वतःच्या संसारात होरपळलेली ती बाई त्याला जी माया लावते, ती वाचताना मला दर वेळी तुझी आठवण येते. तू भावंडांसाठी काय काय सोसलंस, ते आम्हाला फार उशिरा कळलं. तिच्यावरचा अमोल पालेकरांचा सिनेमा आपण पाहिलाय, पण जी.एं.ची वाक्यं कानावर पडायला हवीत. 'कैरी' शनिवारी वाचेन. त्या रात्री कथा संपली तरी लगेच फोन ठेवू नका. काही बोललो नाही तरी चालेल.

बाबा, डोळ्यांत थेंब वेळेवर घाला.

तुमची,
ताई