पंधरा दिवस म्हणजे किती दिवस

ल्यों (फ्रान्स), ५ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. फराळाचा डबा परवा पोचला. बेसनाचे लाडू शाबूत आले, चकल्यांचा मात्र भुगा झाला होता. तो दह्यात कालवून दोन दिवस खाल्ला, एक कण वाया घालवला नाही. आई, फोनवर चेहरा बारीक दिसतो म्हणून मी काही वाळलेली नाही. दोन्ही वेळा जेवते, स्वेटरही घालते. घरी यायला उशीर होतो हे खरं, पण मेट्रोतून उतरल्यावर खोली पाच मिनिटांवर आहे आणि रस्त्यावर भरपूर उजेड असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे घेतली, त्यामुळे आता तुम्ही साडेचार तास पुढे. मी सातला सुटते तेव्हा तुमच्याकडे साडेअकरा झालेले असतात. फोन कमी झाले ते एवढ्यासाठीच.

बाबा विचारत होते, इंग्रजीचं फ्रेंच करण्यात एवढं अवघड काय. बाकीचं जमतं हो, दिवस आणि वेळ आली की गाडी अडते. मागे सायकल दुरुस्तीच्या एका दुकानाचा मजकूर आला होता. इंग्रजीत 'फॉर्टनाइट' होतं, मुळात चौदा रात्री. मी सरळ चौदा दिवस लिहिले. आमच्या कामावर शेवटचा हात फिरवणाऱ्या बाईंनी त्या चौदावर पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी १५ लिहिलं. इथे दोन आठवड्यांना 'कँझ जूर', म्हणजे पंधरा दिवस म्हणतात, आणि एका आठवड्याला 'वी जूर', आठ दिवस. नीट सांगते. समजा आज सोमवार. आजचा सोमवार एक, मंगळवार दोन, असं बोटांवर मोजत गेलं की पुढचा सोमवार आठवा येतो. दोन्ही टोकं धरायची. आजी बारशाचा दिवस काढते ना, जन्माचा दिवस धरून बारावा, तसंच. एवढंच नाही, 'शुक्रवार आठात' असंही म्हणतात. म्हणजे येता शुक्रवार नाही, त्याच्या पुढचा. इंग्रजीत 'नेक्स्ट फ्रायडे' म्हटलं की दोन माणसं दोन वेगळे शुक्रवार धरून बसतात. इथे तो घोळ होत नाही.

त्या १५ कडे बघून मला वाईट वाटलं, कारण आपणही पंधरा दिवसच म्हणतो. आठवड्यात तर आठ बसलेलाच आहे! पावणेनऊला हे लोक 'नऊला पाव कमी' म्हणतात. बाबा, पावणे म्हणजे पाव उणे, हे तुम्हीच मला शिकवलंत. 'मी तीन वर्षांपासून इथे राहते' हे सांगायला इंग्रजीत क्रियापदाची केवढी ओढाताण, आणि फ्रेंचमध्ये आपल्यासारखा साधा वर्तमानकाळ. 'तुतालर' म्हणजे मगाशी आणि थोड्या वेळानेही. कुठलं ते क्रियापदावरून कळतं, आपल्या 'परवा'सारखं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हे सगळं शिकले होते, तरी समोर इंग्रजी आलं की हात त्याच वळणाने जातो. आता आधी मनात मराठीत म्हणून बघते. चुका खूप कमी झाल्यात.

दादाला सांगा, कर्जाचा हप्ता आठ तारखेपर्यंत जमा होईल. वेगळे वीस हजार पाठवलेत ते स्वयंपाकघराच्या पत्र्यांसाठी. बाबा, ते फिक्समध्ये टाकू नका, पत्रे बदला.

सांगलीच्या स्थळाबद्दल पंधरा दिवसांत कळवते म्हणाले होते, त्याला दीड महिना झाला. चुकलंच माझं. मुलगा चांगला आहे, आम्ही दोनदा बोललो. मला अजून दोन वर्षं इथे काम करायचंय, हे त्याला सांगितलं, त्याला ते पटलंही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आत्याला एवढ्यात काही बोलू नका.

दिवाळीला येणं जमलं नाही. आजी शेजाऱ्यांना रोज 'परवा येणार आहे' सांगते असं वहिनी म्हणाली, तेव्हापासून चैन नाही. तिला सांगा, एप्रिलचं तिकीट बघतेय. गुडघ्यासाठी मलम दादाच्या मित्राबरोबर पाठवलंय, रात्री झोपताना लावायचं.

तुमची,
चिऊ