भाड्याच्या चित्रपट-डिस्कची प्रत काढण्याबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, भाड्याने आणलेली डिस्क मुदतीत पाहून होत नसल्यास तिची प्रत काढून ठेवावी का, अशी विचारणा वारंवार होत आहे. प्रत काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाडे भरल्याने ठरावीक दिवस चित्रपट पाहण्याची मुभा मिळते, प्रत काढण्याचा हक्क मिळत नाही. ‘नंतर पाहण्यासाठीच’ या समर्थनार्थ अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या बीटामॅक्स (सोनी कंपनीचा घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर) निकालाचा दाखला दिला जातो. परंतु तो निकाल दूरचित्रवाणीवरून मोफत प्रक्षेपित होणारे कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी ध्वनिचित्रमुद्रित करण्याविषयी होता, भाड्याच्या डिस्कविषयी नव्हता. शिवाय चित्रपटांच्या बहुतेक डीव्हीडींवर सीएसएस नावाचे सांकेतिक कुलूप असते, त्यामुळे फाइल नुसती संगणकात उतरवून घेतली तर पडद्यावर चित्राऐवजी रंगीत चौकोनांचा गोंधळ दिसतो. आणि हे कुलूप तोडणे हेच अनेक देशांत, अमेरिकेत तर १९९८ च्या कायद्यापासून, स्वतंत्रपणे बेकायदा आहे, मग प्रत विकलेली असो वा नसो. वेळ अपुरा पडल्यास मुदत वाढवून घ्यावी किंवा डिस्क पुन्हा भाड्याने आणावी. ज्यांच्याकडे अशा प्रती असतील, त्यांनी त्या पुसून टाकाव्यात आणि गटात कोणालाही देऊ नयेत, ही कळकळीची विनंती.