शरणपूरची मुलं

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

फोन मधेच तुटला, म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही विचारलंत, "तिथे त्यांची मंडळी आहे, त्यांचे पाळक आहेत, मग तू कशाला राहायचं?" तुम्ही रागावला नव्हतात, काळजीत होतात, हे कळलं. आई तर काहीच बोलली नाही आणि तेच जास्त लागलं. इथल्या मलावीतल्या हॉस्पिटलने करार वाढवाल का असं विचारलंय. मी हो म्हणणार आहे.

तुमचं म्हणणं खरंच आहे. उत्तर मलावीत शुभवर्तमान मी आणलेलं नाही. आमची मेट्रन इथलीच, पाळकही इथलेच, आणि मी मेट्रनच्या हाताखाली काम करते. १८७५ साली स्कॉटलंडचे मिशनरी मलावी सरोवराच्या दक्षिण टोकाला, केप मॅक्लिअरला उतरले. सहा वर्षांत तिथे एक बाप्तिस्मा झाला आणि मागे कबरी राहिल्या. मग ते उत्तरेला सरकले, आधी बंडावेला आणि १८९४ मध्ये वरच्या पठारावर. डॉ. रॉबर्ट लॉज यांनी या कामात ५२ वर्षं काढली, त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण इथल्या एन्गोनी लोकांमध्ये जाऊन राहिला तो दक्षिण आफ्रिकेतला खोसा माणूस, विल्यम कोयी. त्याची भाषा त्यांना जवळची होती. तो १८७६ मध्ये आला आणि दहा वर्षांनी याच भूमीत वारला. मिशनरी म्हटलं की आपल्याला गोरा साहेब दिसतो; कोयी कुणाला आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि बाबा, आपलं नाशिकचं शरणपूर! ज्या चर्चच्या आवारात आम्ही भावंडं खेळलो, तिथेच गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत होती. जेकब वेनराइट त्यांतलाच, याओ लोकांतला. ते लोक आजही याच सरोवराच्या दक्षिणेला राहतात. १८७३ च्या मे महिन्यात आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा शरणपूरला शिकलेले हे तरुण त्याच्या सोबत होते. त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, तेव्हा जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरं कोरली. मग त्याचे आफ्रिकन सोबती चुमा, सुसी आणि ही सगळी माणसं त्याचा देह उचलून कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत गेली. चुमासुद्धा मुंबईत शिकलेला, डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत. म्हणजे या मुलखातून चोरून नेलेली लेकरं आपल्या गावात वाढली, शिकली आणि परत आली. नाशिकहून इथे येणारी मी काही पहिली नव्हे. हे मनात आलं की मला इथे परकं वाटत नाही.

आता रोजचं सांगते. सध्या पावसाळा आहे, म्हणजे मलेरियाचा आणि उपासमारीचा काळ. मक्याचं नवं पीक एप्रिलपर्यंत हाती येत नाही, तोवर घराघरांतलं धान्य संपत आलेलं असतं. लहान मुलांच्या वॉर्डात एका खाटेवर दोन मुलं, कधी तीन. हिमोग्लोबिन चारवर आलेलं मूल आईच्या नाहीतर आजीच्या पाठीवर येतं आणि पहिला प्रश्न असतो, रक्त कोण देणार? वीज जाते, ऑक्सिजनचं मशीन थांबतं, जनरेटरला डिझेल असेलच असं नाही. रुग्णासोबत आलेल्या बाया मागच्या छपरात चुलीवर मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजवतात. त्यासोबत उसिपा, सरोवरातले बारीक वाळवलेले मासे. आई, चव थेट आपल्या सुकटासारखी! ज्या रुग्णासोबत कुणीच नाही, त्याचं ताट शेजारच्या खाटेची बाई वाढते. तिला कुणी सांगावं लागत नाही.

सकाळी राउंडच्या आधी सगळा स्टाफ प्रार्थनेला जमतो. पेटी नाही, तबला नाही. एक जण तुंबुका या इथल्या भाषेत ओळ उचलतो आणि बाकीचे वेगवेगळ्या पट्ट्यांत धरतात. झाडूवाले काका सगळ्यात खालचा सूर लावतात. इथली पुष्कळ गीतं इथल्याच माणसांनी, इथल्याच चालींवर रचलेली आहेत. ती ऐकताना मला आपली भजनं आठवतात आणि सूर लावायला धीर येतो.

आई, तुझ्यापासून लपवणार नाही. मी प्रार्थना करते आणि तरी मूल जातं. मागच्या आठवड्यात तीन वर्षांची मुलगी गेली. रक्त चढवलं होतं, ताप उतरत होता, पहाटे श्वास थांबला. वॉर्डातल्या आया आपापली आजारी मुलं कडेवर घेऊन उठल्या, तिच्या आईभोवती बसल्या आणि उजाडेपर्यंत गात राहिल्या. का नेलंस, हे मी देवाला रोज विचारते. उत्तर मिळालेलं नाही. पण त्या पहाटे तो तिथे त्या बायांमध्ये होता, याबद्दल मला शंका नाही. संध्याकाळच्या वेळी तू आम्हाला १२१वं स्तोत्र पाठ करायला लावायचीस. ते मी त्या दिवशी मराठीतच म्हटलं.

तुम्ही दोघं थकत चालला आहात आणि मी दूर आहे, हे माझ्यावर मोठं ओझं आहे. दादा-वहिनी आहेत म्हणून मी सेवेचं नाव घेऊ शकते, हे मी त्यांनाही लिहिलंय. जूनमध्ये महिनाभर येते. बाबा, तोवर गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. तारीख मिळाली तर मी त्याप्रमाणे रजा बदलून घेईन. साखर तपासली की आकडा दादाकडून मला पाठवत जा, "बरी आहे" एवढंच नको.

रविवारी मंडळीत आमच्यासाठी प्रार्थना मागा: डिझेलसाठी, रक्तासाठी आणि एप्रिलच्या पिकासाठी. आणि आई, महिला मंडळाच्या टोप्या पोचल्या, सगळ्या वापरात आहेत. पुढच्या जरा लहान विणा, दीड किलोच्या बाळाच्या डोक्याला बसतील अशा. लोकर मऊ हवी आणि गोंडा नको, तो बाळाच्या मानेखाली येतो.

तुमची लेक