घर तुझं, जमीन कुणाची?

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू विकत घ्यायचं म्हणतेस त्या मोबाईल होमचे फोटो आम्ही दोघांनी पुन्हा पुन्हा बघितले. पायऱ्यांशेजारचं संत्र्याचं झाड बघून बाबा तर तिथेच विरघळले. ‘स्वतःचं घर ते स्वतःचं, भाडं म्हणजे पाण्यात पैसे,’ हे त्यांचं कालपासून चालू आहे आणि तुझाही कल तिकडेच दिसतो. मला मात्र वाटतं, तू हे घर घेऊ नयेस. फोनवर आपण तिघंही एकदम बोलतो, म्हणून लिहून पाठवते.

मोबाईल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून पार्कमधल्या भाड्याच्या जागेवर आणून ठेवलेल्या घरात राहण्यात कसलाही कमीपणा नाही, हे आधी सांगते. आमच्या क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे पतपेढीत, अशा घरांच्या कर्जासाठी कष्टाळू, नेटकी माणसं येतात. ओळखीपाळखीतलं कुणी नाक मुरडलं तर त्याची पर्वा करू नकोस. मला खटकतो तो व्यवहार.

३८,००० डॉलर मोजून तू भिंती आणि छप्पर घेणार. खालची जमीन पार्कच्या मालकाचीच राहणार आणि तिचं महिना ७८० डॉलर भाडं तू भरणार. फ्रेस्नोत जे काही वाढायचं ते जमिनीचं मोल. पन्नास वर्षांचा लाकूड-पत्र्याचा सांगाडा दर पावसाळ्याला थोडा झिजणारच. वाढणारी वस्तू त्याच्याकडे, झिजणारी तुझ्याकडे.

बाबांना विचार, गुहागरकडचं त्यांच्या आजोबांचं घर कसं होतं. चिरा न् चिरा स्वतः रचलेला, पण जागा खोताची. घर कितीही भक्कम असलं तरी खोताची मर्जी सांभाळून राहायचं. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. कॅलिफोर्नियात कायद्याचा आधार नक्कीच जास्त आहे, भाडं भरणाऱ्याला कारणाशिवाय पार्कमधून उठवता येत नाही. पण जागेचं भाडं किती वाढवायचं, यावर राज्यभराची मर्यादा नाही. सॅन होजेसारख्या काही शहरांनी स्वतःचे नियम करून लगाम घातलाय. तेव्हा तुझं पार्क शहराच्या हद्दीत येतं की शहराबाहेर नुसतं काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हे आधी बघ.

अपार्टमेंटचं तसं नाही. २०२० पासून लागू असलेल्या कायद्याने, पंधरा वर्षांहून जुन्या बहुतेक इमारतींत वर्षाला ५ टक्के आणि त्यावर महागाईचा दर, आणि काही झालं तरी १० टक्क्यांच्या वर भाडं वाढवता येत नाही. वर्षभर राहिल्यावर योग्य कारणाशिवाय बाहेरही काढता येत नाही. हा कायदा सध्या २०२९ अखेरपर्यंत आहे. तू बघितलेली महिना १,४५० डॉलर भाड्याची जागा जुन्या इमारतीत आहे, म्हणजे बहुधा त्यात बसेल. मालकाकडून तसं लेखी घे.

आता हिशेब. तुझ्या साठवणीतले १२,००० दिलेस तर २६,००० कर्ज उरतं. जमिनीशिवायच्या घरावर साध्या गृहकर्जाचा दर सहसा मिळत नाही. १० टक्क्यांनी दहा वर्षं धरलीस तर हप्ता सुमारे ३४४. त्यात जागेचे ७८० मिळवले की ११२४. कागदावर पार्कमध्ये महिना सव्वातीनशे वाचतात, हे मी मान्य करते. पण त्यातूनच विमा, नोंदणी आणि सगळी दुरुस्ती जायची. अपार्टमेंटचा गिझर फुटला तर तू फोन करतेस. तिथे फुटला तर रात्रपाळीवरून येऊन तूच माणूस शोधणार.

आणि दुरुस्ती निघणारच, कारण घर १९७२ सालचं आहे. अशा घरांसाठीचे हडचे (केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचे) देशभराचे नियम १५ जून १९७६ पासून लागू झाले. त्यानंतर बनलेल्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून लाल धातूची पट्टी असते, या घरावर ती असणार नाही. त्याआधीचं घर म्हटलं की बऱ्याच कर्ज देणाऱ्या संस्था अर्ज पुढे सरकवत नाहीत आणि विमा कंपन्याही हात आखडतात. शिवाय त्या काळात बऱ्याच घरांत अॅल्युमिनियमच्या वायरी घालत. त्यांचे जोड सैल होऊन तापतात आणि आग लागू शकते. मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच आहे, पातळ भिंतींच्या घरात तू दिवसा झोपलेली असशील.

फोटोत छपरावर स्वॉम्प कूलर, म्हणजे पाण्यावर चालणारा कूलर दिसतो, त्याच्या खालच्या सीलिंगवर पिवळट डागही आहे. तिथे पाणी मुरतंय. बाथरूमच्या टबाजवळ जमीन पायाने दाबून बघितलीस का? खाली लाकडाच्या भुशाच्या फळ्या असतील तर त्या पाण्याने फुगून मऊ पडतात.

पटलं नाही तर घर उचलून दुसरीकडे नेऊ, असं तू म्हणालीस. ते हलवायला हजारो डॉलर लागतात, आणि इतकं जुनं घर आत घ्यायला दुसरं पार्क सहसा तयार होत नाही. विकायचं म्हटलं तर येणाऱ्यालाही कर्जाची हीच अडचण, वर पार्कची मंजुरी. तुझं हे नर्सिंगचं पहिलंच वर्ष. दोन वर्षांनी सॅक्रामेंटोत चांगली जागा मिळाली, तर अपार्टमेंट नोटीस देऊन सुटतं. हे घर रिकामं पडलं तरी हप्ता आणि जागेचं भाडं विकेपर्यंत तुझ्याच पगारातून जाणार. महिना सव्वातीनशेसाठी मी तुला असं बांधून घेऊ देणार नाही.

रहिवाशांनीच मिळून जमीन विकत घेतलेली पार्कं या देशात आहेत. तशा ठिकाणी १९७६ नंतरचं, तपासून घेतलेलं घर मिळालं आणि दहा-पंधरा वर्षं राहायचा तुझा विचार असला, तर मी स्वतः डाऊन पेमेंटला हातभार लावीन.

तरीही या घरातून तुझं मन निघत नसेल, तर निदान पैसे देऊ नकोस, जोवर पार्कचा भाडेकरार आणि गेल्या काही वर्षांची भाडेवाढ लेखी मिळत नाही, वायरिंग इलेक्ट्रिशियनने उघडून बघितलं नाही, आणि राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे टायटल कुणाच्या नावावर आहे ते कळलं नाही. आधीच्या मालकाने फी आणि कर थकवले असतील तर ते निस्तरल्याशिवाय घर तुझ्या नावावर होणार नाही.

शनिवारी तुझी सुट्टी आहे, सकाळी फोन कर. बाबांशी मी आज रात्री बोलते.

तुझी,
आई